दुरून डोंगर निळे

श्रावणात दोन दिवस झड लागून उघडीप पडली, की बोदवडच्या शिवारातून दक्षिणेला अजिंठ्याची रांग दिसते. हवा अगदी धुतल्यासारखी असली तर उत्तरेला सातपुडाही. पायाखाली काळी माती, कमरेपर्यंत हिरवी कपाशी आणि डोंगर मात्र निळे. जवळ जाऊन पाहिलं तर तिथे निळं काहीच नाही. काळा कातळ, त्यावर गवत, साग, अंजन.

हा निळा मधल्या हवेचा. हवेचे रेणू तांबड्यापेक्षा निळा प्रकाश सुमारे सहापट जास्त विखुरतात. काळपट डोंगराकडून मुळात उजेड येतो थोडा, त्यात वाटेतली कित्येक किलोमीटर हवा आपला निळा ओतते. डोंगर म्हणून आपण पाहतो, ती बरीचशी हवाच असते. वैशाखात धूळ उडते. तिचे मोठे कण सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, म्हणून क्षितिज पांढुरकं होतं आणि डोंगर दिसेनासे होतात.

विखुरण्याचं हे गणित जॉन स्ट्रट, म्हणजे पुढचे लॉर्ड रॅले, यांनी १८७१ मध्ये मांडलं. चित्रकारांच्या डोळ्यांना ते त्याआधीच गवसलं होतं. अमेरिकन चित्रकार अल्बर्ट बिअरस्टाट १८५९ मध्ये फ्रेडरिक लँडर यांच्या सर्वेक्षण तुकडीबरोबर रॉकी पर्वतात गेले आणि १८६३ मध्ये त्यांनी ‘लँडर्स पीक’चं तीन मीटर रुंद चित्र पूर्ण केलं. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पुढे शोशोनी लोकांचा तळ, ठसठशीत आणि गडद. मागे जावं तसे रंग फिके होतात, कडा मऊ होतात. ती हवा रंगवलेली आहे, आणि मला या चित्रातलं तेच सर्वांत मोठं काम वाटतं.

कॅमेऱ्याला तेव्हा हे जमत नव्हतं. त्याच दशकात मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्याची छायाचित्रं काढत होते. त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच दाद देत. त्यामुळे आकाश आणि दूरचा निळा डोंगर, दोन्ही सारखेच पांढरे उमटत आणि डोंगर आकाशात बुडून जाई.

बर्फाच्छादित शिखराचं मात्र उलटं. पांढऱ्या बर्फाचा उजेड भरपूर, पण वाटेत त्यातला निळा गळत जातो आणि बर्फ किंचित पिवळसर दिसतं. आपल्याकडे बर्फ नाही, ढग आहेत. पुढच्या उघडिपीला डोक्यावरचा पांढरा ढग आणि अजिंठ्याच्या रांगेमागे टेकलेला ढग एकापाठोपाठ पाहा. मागचा सायीच्या रंगाचा दिसेल, आणि त्याच्याच पुढ्यात डोंगर निळा.