औषधाची माहिती फोनवर : काय बघायचं, काय नाही

गटाच्या व्हॉट्सॲपवर आठवड्यातून एकदा तरी आरोग्याचा मेसेज येतोच. अमुक पाला उकळून प्या, साखर पळते. बीपीची गोळी एकदा लागली की किडनी जाते. पाठवणारीच्या मनात काही वाईट नसतं, पण ते लिहिलं कुणी आणि कधी, हे कुणालाच ठाऊक नसतं. वाचून एखादी ताई खरंच गोळ्या बंद करते, तेव्हा मात्र भोगावं तिलाच लागतं.

ज्या फोनवर हा मेसेज येतो, त्याच फोनवर खरं काय तेही शोधता येतं. अमेरिका सरकारचं एक मोठं वैद्यकीय ग्रंथालय आहे, नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन. साध्या लोकांसाठी त्यांनी 1998 पासून मेडलाइनप्लस नावाची वेबसाइट चालवली आहे. फुकट आहे, जाहिराती नाहीत. आजार आणि औषधं सोप्या भाषेत समजावलेली आहेत. त्याच ग्रंथालयाचं पबमेड म्हणजे संशोधन शोधायची जागा. ते डॉक्टरांच्या कामाचं, आपण तिकडे नाही गेलो तरी चालेल.

मेडलाइनप्लस इंग्रजीत आहे, ही अडचण खरीच. पण क्रोममध्ये पान उघडून वरच्या तीन टिंबांवर दाबलं की भाषांतराचा पर्याय येतो, तिथे मराठी निवडा. भाषांतर कधी कधी शब्दाला शब्द ठेवतं आणि भलताच अर्थ निघतो. म्हणून औषधाचं नाव आणि आकडे मूळ इंग्रजी पानावर पुन्हा बघा. मुलगी कॉलेजला जात असेल तर तिला शेजारी बसवा.

रोजच्यातलं उदाहरण घ्या. गरोदर बाईला आशाताई लाल गोळ्या देतात, लोह आणि फॉलिक ॲसिडच्या. रोज एक, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर परत 180 दिवस. चार दिवसांत शौचाला काळं होतं, मळमळतं, सासू म्हणते गोळ्या उष्ण पडल्या, आणि पाकीट फळीवर जातं. आता लोहाच्या गोळ्यांचं पान उघडा. तिथे सापडेल, की लोहाने शौचाचा रंग काळा होतो, घाबरायचं कारण नाही. गोळी दूध, चहा किंवा कॅल्शियमसोबत घेतली तर लोह अंगी कमी लागतं, म्हणून मध्ये दोन तास जाऊ द्या. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी, 7 च्या खाली म्हणजे धोका. एवढं घरात वाचून दाखवलं तर पाकीट फळीवरून खाली येतं. पण शौच डांबरासारखं चिकट असेल, रक्त दिसत असेल किंवा पोटात जोरात दुखत असेल, तर वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

पैशाचं म्हणाल, तर आपल्या सरकारचं जनऔषधी सुगम हे ॲप घ्याच. गोळीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं, आणि बारीक अक्षरात आतलं औषध, जसं ॲम्लोडिपिन 5 मिग्रॅ. ते बारीक नाव ॲपमध्ये टाका. जनऔषधीतली किंमत दिसते, जवळचं केंद्रही दिसतं. बीपी-शुगरची गोळी रोज लागते, तिथे किंमत बहुतेक वेळा निम्म्याहून कमी असते. औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही जुळतात ना, हे दुकानदाराकडून पक्कं करून घ्या. (याच केंद्रात सुविधा नावाचा सॅनिटरी पॅड 2019 पासून एक रुपयाला मिळतो. मुलींना सांगा.) कंपनीच्या औषधाची छापील किंमत तपासायची तर फार्मा सही दाम आहे.

डॉक्टरांशीच बोलायचं असेल तर ई-संजीवनी. 2020 पासून घरबसल्या फुकट सल्ला मिळतो. मोठा फोन नसेल तर उपकेंद्रात जा, तिथले आरोग्य अधिकारी जोडून देतात. बसण्याआधी गोळ्यांची पाकिटं आणि जुन्या चिठ्ठ्या हाताशी ठेवा.

फोन बघून गोळीचा डोस कमी-जास्त करायचा नाही. छातीत कळ, गरोदर बाईला रक्त जाणं, झटका, डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल मंदावणं, अशा वेळी ॲप नाही, 108 लावायचा.

ॲप घेताना प्ले स्टोअरमधूनच घ्या, आणि बनवणाऱ्याचं नाव वाचा. मेसेजमधली एपीके फाइल उघडू नका. माहिती द्यायला ॲप तुमचे सगळे फोन नंबर मागत असेल तर काढून टाका. कर्जाच्या ॲपने काय केलं ते आपण पाहिलंच आहे. माहितीखाली शेवटी ‘आमचं चूर्ण मागवा’ असेल, तर ती जाहिरात समजा.

हप्ते गोळा झाल्यावर दहा मिनिटं एक पान मोठ्याने वाचता येईल, कारण प्रत्येकीकडे फोन नाही आणि प्रत्येकीला वाचता येत नाही. फक्त सभेत कुणाच्या आजाराचं नाव घेऊ नका. जिला विचारायचं असेल ती नंतर बाजूला येऊन विचारेल.