प्रकल्प संपला, ज्ञान कुणाकडे राहिले?

मराठवाड्यात सरकारी योजना आली की पहिला प्रश्न अनुदानाचा असतो. किती टक्के, खात्यावर कधी जमा होणार, कागद कोणते लागणार. प्रश्न रास्त आहे; कोरडवाहू शेतकऱ्याला तो विचारावाच लागतो. पण गेल्या तीसेक वर्षांत नांदेड-लातूर पट्ट्यात आलेल्या दोन मोठ्या मदतींचा हिशेब मांडायला बसले, तर आणखी एक प्रश्न तितक्याच तोलाचा ठरतो. या पैशाबरोबर विद्या कोणती आली, कुणी आणली आणि पैसा संपल्यावर ती कुणाकडे राहिली?

पहिली मदत किल्लारीच्या भूकंपानंतरची. दुसरी नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाची. गावोगावी त्याला ‘पोकरा’ म्हणूनच ओळखतात. दोन्हींच्या मागे जागतिक बँक होती आणि दोन्हींत राज्य सरकारने संशोधन संस्थांना सोबत घेतले. दोन्ही वेळा आलेला पैसा मुख्यतः कर्जाऊ होता. कर्ज फेडायचेच असते. म्हणून त्यातून मागे काय उरले, हे पाहण्याचा अधिकार आणि जबाबदारी दोन्ही आपल्याकडे येतात.

माळवदाखालचा धडा

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन उरकून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा धक्का बसला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सरकारी आकड्यांनुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. या तीव्रतेच्या भूकंपात जगात अनेक ठिकाणी एवढी मनुष्यहानी होत नाही. इथे ती का झाली, याचे उत्तर घरांच्या भिंतींत होते.

आपल्याकडची जुनी भिंत म्हणजे दगडाचा एक थर आत, एक थर बाहेर आणि मध्ये चिखल व गोट्यांची भर. दोन्ही थरांना एकत्र धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड बहुतेक घरांत नव्हता. वर माळवद. लाकडी फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि गळती थांबवण्यासाठी त्यावर वेळोवेळी टाकलेली नवी माती. उन्हाळ्यात घर गार राहायचे, पण छताचे ओझे वाढत जायचे. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि दगडमाती झोपलेल्या माणसांवर आली. काही घरांत खांब आणि तुळयांचा सांगाडा तसाच उभा राहिला, भिंती मात्र कोसळल्या.

हे निदान झाल्यावर उपायही हाताशी आला. भूकंप अभियांत्रिकीचे काम त्या काळी देशात प्रामुख्याने रुरकी विद्यापीठात चाले. अशा अभ्यासातून आलेल्या सूचना साध्या होत्या. माळवदावरची जादा माती उतरवा, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा सिमेंट-सळईचा सांधा घाला, खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरपे आधार ठोका, चारही भिंतींना बांधणारा पट्टा द्या. गावातला गवंडी हे शिकू शकत होता आणि घरमालकाला परवडतही होते.

जागतिक बँकेने १९९४ मध्ये पुनर्वसनासाठी २४.६ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली, काही गावे आहे त्याच जागी उभी राहिली आणि आजूबाजूच्या शेकडो गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. स्थलांतरित गावांत लोकांचे म्हणणे ऐकण्याचे आणि ते यंत्रणेपर्यंत पोहोचवण्याचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. दुरुस्तीच्या गावांत महिलांमधून ‘संवाद सहाय्यक’ नेमल्या गेल्या. पैसे कसे मिळतील, पट्टा कुठे घालायचा, गवंड्याकडून काय करून घ्यायचे, हे त्या घरोघरी सांगत.

संशोधन संस्था सोबत असल्याने काय फरक पडतो, हे या प्रकल्पात दिसले, आणि तिची मर्यादाही दिसली. नवी गावे चौकटीतल्या रेषांसारखी आखली गेली. जुन्या गल्ल्या, आळ्या, वाड्यासमोरची मोकळी जागा, शेजार, सगळे विस्कटले. दगडाची तर लोकांनी धास्तीच घेतली. दगडी घरही नीट बांधले तर टिकते, हे शास्त्र सांगत होते. पण ते शास्त्र अनेकांच्या मनापर्यंत पोहोचण्याआधीच सिमेंटच्या स्लॅबची ओढ पोहोचली. अभ्यासकाने अहवालात लिहिलेली गोष्ट गवंड्याच्या हातात आणि घरच्या बाईच्या खात्रीत उतरायला जास्त वर्षे लागतात. प्रकल्पाची मुदत तेवढी नसते.

किल्लारी ते नांदेड

किल्लारीच्या मोठ्या धक्क्याच्या वर्षभर आधी, १९९२ मध्ये, त्या परिसराला छोटे-छोटे धक्के बसत होते. लोक घाबरले होते. पण त्या वेळच्या भूकंपधोक्याच्या नकाशावर हा भाग देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, म्हणजे पहिल्या क्षेत्रात मोडत होता, आणि नांदेड-लातूरला स्वतःचे विद्यापीठही नव्हते.

भूकंपानंतर चित्र बदलले. जागतिक बँकेच्या साहाय्यातून भारतीय हवामान विभागाच्या १० भूकंप वेधशाळा १९९६-९७ मध्ये जागतिक दर्जाच्या करण्यात आल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने, म्हणजे एनजीआरआयने, किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली गाळाच्या खडकाचा पातळ थर आणि मग प्राचीन ग्रॅनाइटी पाया. दख्खनच्या काळ्या खडकाखाली काय आहे, हे या भागात प्रथमच इतक्या प्रत्यक्षपणे हाती आले. २००२ च्या सुधारित नकाशात पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि लातूरचा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. आज इमारतीचा आराखडा करताना अभियंता जो भूकंपभार धरतो, त्यामागे हा बदल आहे.

दरम्यान १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यात पुढे भूशास्त्र संकुल उभे राहिले. २००६ च्या अखेरीस नांदेड शहरालाच गूढ आवाजासह धक्के बसू लागले आणि ते अधूनमधून काही वर्षे चालू राहिले. त्या वेळी अभ्यासाला माणसे शहरातच होती. एनजीआरआय आणि विद्यापीठ यांच्या अभ्यासकांनी मिळून या धक्क्यांचा मागोवा घेतला आणि त्यांना कारणीभूत असलेल्या प्रस्तरभंगाबद्दलचा शोधनिबंध २०१२ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेडलाही जाणवले, तेव्हा लोकांनी विचारपूस करायची ती कुणाकडे, हा प्रश्न उरला नव्हता. १९९२ ची किल्लारी आणि २००६ चे नांदेड यांत हाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

पावसाचा हिशेब

आता दुसऱ्या मदतीकडे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. मांजरा धरण कोरडे पडले होते. हा अनुभव ताजा असतानाच पोकराची आखणी झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. सुमारे चार हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पात ७० टक्के वाटा बँकेच्या कर्जाचा आणि ३० टक्के राज्याचा. १५ जिल्ह्यांतली ५,१४२ गावे निवडली गेली; त्यांत मराठवाड्याचे आठही जिल्हे होते.

शेतकऱ्याला पोकरा दिसला तो ठिबक, तुषार, शेततळे, मोटार, पाइप आणि शेडनेटच्या अनुदानात. पण गावाला नेमके काय लागते, हे ठरवण्यासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद हवा होता, आणि तो मांडण्याची पद्धत विकसित करण्याचे काम आयआयटी मुंबईला दिले गेले. प्राध्यापक मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण पाण्यावर आधीच बरीच वर्षे काम केले होते.

ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते १० हजार लिटर पाणी होते. गावाचे शिवार १,००० हेक्टर धरा आणि हंगामात ७०० मिलिमीटर पाऊस धरा. आकाशातून ७०० कोटी लिटर पाणी उतरले. कृषी खात्याच्या भाषेत ७,००० टीसीएम, म्हणजे ७,००० हजार घनमीटर. एवढे पाणी उतरूनही फेब्रुवारीत टँकर का लागतो? कारण वर्षाची बेरीज पिकाच्या उपयोगाची नसते. पिकाला रोज पाणी लागते, आणि पाऊस चार दिवस कोसळून तीन आठवडे दडी मारतो.

म्हणून हा ताळेबंद पासबुकासारखा दिवसागणिक चालतो. आज किती पाऊस पडला, त्यातला किती ओढ्याला वाहून गेला, किती मातीत मुरला, पिकाने किती ओढला, मुळांच्या खाली किती झिरपला. त्यासाठी महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राचा पाऊस, मातीचा नकाशा, जमिनीचा उतार आणि पिकाची गरज एकत्र आणली जाते. एकाच गावातल्या, एकच पाऊस झेललेल्या दोन सोयाबीनच्या शेतांचा हिशेब यात वेगळा निघतो. चढावरच्या मुरमाड रानात ओल दहा-बारा दिवसांत संपते. ओढ्याकाठच्या खोल काळ्या जमिनीत ती बरीच टिकते. पावसाने खंड दिला की शेंग भरण्याच्या वेळी पहिल्या शेताला एक संरक्षित पाणी हवे, नाहीतर उतारा गेला. शेततळे, विहीर किंवा मोटार कुणाला आधी द्यायची, हे या हिशेबातून ठरायला हवे. शिवाय बेसाल्टमध्ये मुरणाऱ्या पाण्याला मर्यादा आहे. मोटारी वाढल्या म्हणून पाणी वाढत नाही. तेच पाणी जास्त जणांत वाटले जाते, आणि ज्याचे बोअर खोल त्याच्या वाट्याला जास्त येते.

पद्धत चांगली आहे. तिला अडचणीही आहेत. एका मंडळात अनेक गावे येतात आणि पाऊस मात्र एका शिवारात पडून शेजारच्या शिवाराला हुलकावणी देतो. त्याहून मोठी अडचण माणसांची आहे. ताळेबंद ज्यांच्यासमोर मांडायचा, ती ग्राम कृषी संजीवनी समिती. समजावून सांगायचा कृषी सहाय्यकाने आणि समूह सहाय्यकाने. त्यांच्याकडे आधीच डझनभर कामे आणि पोर्टलवर अर्जांचा ढीग. अशा वेळी ताळेबंद हा प्रस्तावाला जोडायचा आणखी एक कागद होऊन बसण्याची भीती असते. आकडा बरोबर असून भागत नाही. तो पाहून उसाचे क्षेत्र कमी करायचे की नाही, यावर ग्रामसभेत वाद झाला, तरच त्या आकड्याचे मोल.

घरची विद्या

बाहेरच्या मदतीतून संशोधन संस्था घडवता येतात, हे या देशाने अनुभवले आहे. पंतनगरचे कृषी विद्यापीठ १९६० मध्ये अमेरिकी साहाय्याने आणि इलिनॉय विद्यापीठाच्या मार्गदर्शनाखाली उभे राहिले. अमेरिकी सल्लागार परतल्यावरही ते चालत राहिले. उलट, यूएसएड ही अमेरिकी मदत संस्था १ जुलै २०२५ ला बंद झाली आणि तिच्या पैशावर जगभर चाललेले विद्यापीठांचे अनेक प्रकल्प मध्येच थांबले. मदत देणाऱ्याचे धोरण कधी बदलेल, ते त्याच्या हातात. आपल्या हाती काय उरेल, ते मात्र आपण आधी ठरवू शकतो.

आपल्याकडे उभ्या संस्थांची वानवा नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. त्याच्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच-४४ हा संकरित वाण एके काळी शेतकऱ्यांच्या तोंडी होता. लातूरला गळीतधान्य संशोधन केंद्र आहे. नांदेडजवळ विष्णुपुरीला १९८१ पासून श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे. अशा संस्थांना स्थानिक प्रश्नांशी जोडण्याची दिशा जानेवारी २०१६ मध्ये राज्याच्या उन्नत महाराष्ट्र अभियानाने घेतली होती. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासावेत आणि शासनाने त्याचा मोबदला द्यावा. दिशा योग्य आहे. तिला सातत्य हवे.

पोकराचा दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांसाठी आखला गेला आहे. त्याच्या करारांत तीन गोष्टी ठामपणे लिहिल्या जाव्यात. गावाच्या पाण्याची, मातीची आणि पावसाची सगळी माहिती ग्रामपंचायतीला आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना विनाअट खुली असावी. आयआयटी मुंबईने पद्धत घडवावी, पण दर हंगामात विहिरींची पातळी मोजून ती पद्धत तपासण्याचे काम नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांना द्यावे आणि त्यासाठी प्रकल्प संपल्यानंतरच्या काही वर्षांचाही निधी राखून ठेवावा. आणि संशोधनाचा प्रश्न ठरवताना ग्रामसभेचा ठराव जोडला जावा. सोयाबीनला खंडात एक पाणी कुठून द्यायचे, हा प्रश्न बांधावरच्या माणसाइतका नेमका कुणी मांडणार नाही.

अनुदानाचा प्रश्न विचारणे कुणी सोडू नये. त्याच्या जोडीला सरपंचाने, शिक्षकाने, कृषीच्या पदवीधराने हाही प्रश्न विचारायला लागावे, की या योजनेचा अभ्यास कोण करणार आणि तो अभ्यास आमच्या जिल्ह्यात राहणार का. भूकंपाने आणि दुष्काळाने या मातीची परीक्षा घेतली आहे. या मातीचे ज्ञान तयार करणाऱ्यांत इथली मुले भागीदार असलीच पाहिजेत, आणि करारावर त्यांच्या संस्थांचे नाव असले पाहिजे.