इंजिन नंतर, आधी पत्रा

ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या लिलावात एमजीबी हमखास असते. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून अशा ५ लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. पहिली ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला मी हीच सुचवेन.

लिलावाआधी गाड्या पाहायला मिळतात, तेव्हा गर्दी बॉनेटभोवती जमते. पण १७९८ सीसीचं ते इंजिन साधं, दणकट. सुटे भाग आजही मिळतात आणि जाणता मेकॅनिक ते पुन्हा उभं करतो. खरा खर्च पत्र्यात दडलेला असतो. एमजीबीला वेगळी चासी नाही. भार बॉडीच पेलते. उघड्या गाडीला छताचाही आधार नसल्यामुळे दाराखालच्या सिलवर जास्तच ताण येतो. तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारं पाणी सिलच्या पोकळीत शिरतं आणि पत्रा आतून कुजतो. काही जण कुजका भाग न कापता त्यावरच नवा पत्रा वेल्ड करून रंग मारतात. वरून गाडी कोरी दिसते, आत काही उरलेलं नसतं.

म्हणून मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशात असू द्या. सिलवर, चाकांच्या कमानींवर ते धरलं नाही, तर खाली पुट्टी आहे. दाराच्या मागची फट वर-खाली सारखी आहे का, तेही बघा. ती एका टोकाला मिटत आली असेल, तर बॉडी मध्ये खचलेली असू शकते.

तिथल्या सरकारी संकेतस्थळावर गाडीच्या नंबरवरून २००५ पासूनच्या एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का हे पाहणाऱ्या वार्षिक तपासण्यांचे निकाल मोफत पाहता येतात. 'सिलला गंज' असा शेरा दोन-तीन वर्षं आला आणि मग तपासणीच थांबली, तर सावध व्हा. ४० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना ही तपासणी सक्तीची नाही, त्यामुळे मालक ती टाळू शकतो.

१९७४च्या अखेरीस अमेरिकी नियमांमुळे क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी आले, गाडीची उंचीही वाढली. क्रोमवाल्या गाड्यांना भाव जास्त मिळतो. तरी कुजक्या सिलच्या क्रोमवालीपेक्षा ठणठणीत रबरवाली केव्हाही घ्यावी.

हातोडा पडला की व्यवहार पक्का. गाडी आहे त्या स्थितीत तुमची. बोलीवर लिलाव कंपनीचं कमिशन आणि कमिशनवर २० टक्के व्हॅट. समजा, बोली ८,००० पौंडांची आणि कमिशन १२ टक्के, तर हातातून ९,१५२ पौंड जातात. हा हिशेब घरीच करा, आकडा कागदावर लिहून न्या आणि बोली त्यापुढे गेली की थांबा. एमजीबी दुर्मीळ नाही, पुढच्या लिलावात दुसरी मिळेल.