लाल बदामाचा झेंडा

समजा, डिझाइनच्या सरांनी उद्या असाइनमेंट दिली, 'एक झेंडा करा.' देशाचा नाही, क्रिकेट टीमचा नाही, कॉलेज फेस्टचा तर नाहीच. ज्यांना जोडणारी गोष्ट चारचौघांत कधी बोललीच जात नाही, अशा माणसांचा झेंडा. कोणते रंग घ्याल? चित्र काय काढाल? आणि मुळात तो झेंडा हातात धरायला कुणी पुढं येईल का?

ही असाइनमेंट एका माणसानं खरोखर पूर्ण केली आहे. त्याचं नाव टोनी डीब्लेझ. शिक्षणानं प्राणिशास्त्रज्ञ. इराणमधल्या वटवाघळांवर त्याचा जाडजूड अभ्यासग्रंथ आहे. पण आज जगाला तो आठवतो एका झेंड्यामुळे. २८ मे १९८९ रोजी शिकागोत 'इंटरनॅशनल मिस्टर लेदर' या वार्षिक सोहळ्यात त्यानं तो पहिल्यांदा लोकांसमोर आणला. काळे आणि गडद निळे आडवे पट्टे, बरोब्बर मधोमध एक पांढरा पट्टा आणि डाव्या कोपऱ्यात वर एक लाल बदाम. एकूण पट्टे नऊ. आज 'लेदर प्राइड फ्लॅग' म्हणून तो ओळखला जातो.

आता 'लेदर' म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटरसायकलवाल्या समलिंगी पुरुषांचे क्लब सुरू झाले. लॉस एंजेलिसचा 'सॅटर्स' हा क्लब १९५४ चा. चामड्याची जॅकेट्स, बूट हा त्यांचा पेहराव. त्या पेहरावाभोवती लैंगिकतेतल्या वेगळ्या आवडी असणारी माणसं जमत गेली. कुणाला विशिष्ट कपड्याची किंवा वस्तूची ओढ, म्हणजे फेटिश. कुणाला नात्यात हुकूम देणं-घेणं, बांधणं, वेदना यांचा खेळ आवडतो. या सगळ्याला मिळून आज 'किंक' म्हणतात. पुढे स्त्रियाही या समुदायात आल्या.

रुमालापासून झेंड्यापर्यंत

झेंड्याच्या आधीही या मंडळींकडे रंगांची भाषा होती. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या शहरांत जीन्सच्या मागच्या खिशात रंगीत रुमाल खोचायची पद्धत पडली. रंग कोणता, रुमाल डाव्या खिशात की उजव्या, यावरून कळायचं कुणाला काय आवडतं. ज्याला माहीत आहे त्याला कळेल, बाकीच्यांना तो नुसता रुमाल!

झेंड्याचं काम मात्र बरोबर उलटं. तो सगळ्यांना दिसावा म्हणूनच फडकवतात. मग लपून राहण्यात ज्यांची सुरक्षितता होती, त्यांना झेंडा कशाला हवा होता?

उत्तर त्या वर्षात आहे. जून १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या 'स्टोनवॉल' बारवर पोलिसांनी धाड घातली आणि लोक रस्त्यावर उतरले. १९८९ मध्ये त्या घटनेला वीस वर्षं होत होती. मधल्या काळात एड्सनं समलिंगी पुरुषांची एक अख्खी पिढी पोखरली होती. लेदरवाल्यांनी मित्रांची सेवा केली, उपचारांसाठी निधी उभा केला, अंत्यविधी केले. एवढं सोसलेल्या माणसांना परेडमध्ये आपल्या नावानं चालायचं होतं. डीब्लेझला ते उमगलं होतं.

झेंडा आला तसे रुसवेफुगवेही आले. आधी सगळ्यांना विचारलं का नाही, असा सूर काहींनी लावला. पण डीब्लेझनं एक हुशारी केली होती. काळा म्हणजे अमुक, निळा म्हणजे तमुक, असं काहीच सांगितलं नाही. अर्थ ज्यानं त्यानं लावावा, असं म्हणून तो मोकळा झाला. कुणी पांढऱ्या पट्ट्यात विश्वास बघितला, तर कुणी बदामात प्रेम. कुणाचीच आवड त्या कापडावर उघडी पडली नाही. त्यामुळे जास्तीत जास्त लोक त्याखाली मावले.

गळालेला गुलाबी पट्टा

इंद्रधनुषी झेंड्याची गोष्ट यासोबत वाचण्यासारखी आहे. गिल्बर्ट बेकरनं १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तो केला तेव्हा त्याला सहा नाही, आठ पट्टे होते. सगळ्यात वरचा भडक गुलाबी. त्याचा अर्थ होता लैंगिकता! पण झेंड्याची मागणी वाढली आणि त्या रंगाचं कापड पुरेसं मिळेना. म्हणून तो पट्टा सगळ्यात आधी गळला. पुढे निळसर-हिरवाही गेला आणि आजचे सहा उरले.

कारण दुकानदारीचं होतं, पण प्रश्न मात्र तिथेच अडकून राहिला. दर जूनमध्ये पाश्चात्त्य देशांत एक वाद रंगतो. प्राइड परेडमध्ये किंकवाल्यांनी यावं का? एक बाजू म्हणते, परेडला लहान मुलं येतात, बघणाऱ्यांची संमती कुठे घेतलीत? दुसरी म्हणते, कठीण काळात आम्ही चाललो, आता परेड गोजिरवाणी झाल्यावर आम्ही नकोसे झालो? दोन्हींत तथ्य आहे. इथे झेंडा उपयोगी पडतो. कापडाचा तुकडा 'आम्ही आहोत' एवढंच सांगतो, काय करतो ते नाही.

पण 'आहोत' एवढं म्हणण्याचीही किंमत असते. ब्रिटनमध्ये १९८७ मध्ये पोलिसांच्या हाती एक व्हिडिओ टेप लागली. त्यातल्या पुरुषांनी जे केलं ते एकमेकांच्या संमतीनं, बंद दाराआड. तक्रार त्यांच्यापैकी कुणाचीच नव्हती. तरी १९९० मध्ये १६ जण दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. १९९३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल दिला की शरीराला इजा झाली असेल, तर संमती हा बचाव ठरत नाही.

डॉक्टरांच्या वहीतही ही माणसं बराच काळ 'रुग्ण' होती. डेन्मार्कनं १९९५ मध्ये आणि स्वीडननं २००९ मध्ये अशा आवडी आजारांच्या यादीतून काढल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या यादीतून फेटिशिझमसारखी निदानं वगळली गेली. ही यादी लागू झाली थेट २०२२ मध्ये. म्हणजे तुमच्यापैकी अनेकजण तेव्हा शाळेत होते! आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ बाबत जो निकाल दिला, त्याचा कणाही हाच होता. दोन प्रौढ, दोघांची संमती, खासगी आयुष्य.

मग झेंडा कसा हवा?

झेंड्यांचा अभ्यास करणारे अमेरिकेतले जाणकार पाच साधे नियम सांगतात. लहान मुलाला आठवणीतून काढता येईल इतका सोपा. अर्थ असलेली चिन्हं. दोन-तीन रंग. अक्षरं नकोत. आणि दुसऱ्या कुठल्या झेंड्यासारखा वाटायला नको. आठवतंय ना, १५ ऑगस्टला तिरंग्याचे पट्टे झटपट रंगायचे आणि अशोकचक्राच्या २४ आऱ्यांपाशी गाडी अडायची?

लेदरच्या झेंड्यानंतर १९९० च्या दशकात रबरी पेहरावाची आवड असणाऱ्यांनी काळा-लाल-पिवळा झेंडा केला. इंटरनेट आलं आणि मग झेंड्यांचा पूरच लोटला. प्रत्येक आवडीला पाच पट्टे, प्रत्येक पट्ट्याला एक अर्थ. दहा मिनिटांत ॲपवर झेंडा तयार! पण त्यातले बरेच एकमेकांसारखे दिसतात आणि खाली अर्थाची तळटीप नसेल, तर कळतच नाहीत. म्हणून काहीजण चिडवतात, 'आता पायमोज्यांचाही झेंडा काढा.'

हसू येतं, मान्य. पण एखाद्या लहान गावातल्या मुला-मुलीला तोच झेंडा स्क्रीनवर दिसतो आणि पहिल्यांदा कळतं की हे वाटणारे आपण एकटेच नाही. त्या क्षणी डिझाइन बरं की वाईट, याला अर्थ नसतो. प्रश्न पुढचा असतो. त्या झेंड्यामागे माणसं आहेत का? संमती म्हणजे काय, नको वाटलं तर खेळ कसा थांबवायचा, हे सांगणारं कुणी मोठं आहे का? की तिथे नुसता स्टिकर आहे आणि फायदा उठवायला टपलेले अनोळखी लोक?

दुसऱ्याचा झेंडा आपण फडकवायचा नाही, हेही यातच आलं. मैत्रिणीनं विश्वासानं काही सांगितलं, मित्राच्या फोनवर काही दिसलं, तर ते ग्रुपवर टाकण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. 'गंमत केली' म्हणून तो मिळवताही येत नाही.

डीब्लेझ २००० साली गेला. त्यानं चक रेन्सलोसोबत १९९१ मध्ये उभं केलेलं 'लेदर आर्काइव्ह्ज अँड म्युझियम' शिकागोत आजही सुरू आहे. या माणसांची पत्रं, जॅकेट्स, फोटो तिथे जपून ठेवले आहेत.

तेव्हा असाइनमेंट करायला बसलात, तर रंग नंतर निवडा. आधी विचारा, याखाली कोण उभं राहणार आहे आणि त्यांना एकमेकांची किती काळजी आहे? नऊ पट्टे आणि एक बदाम पस्तीसहून अधिक वर्षं टिकले, ते त्यामुळेच.