बदलते हवामान आणि वनशिक्षण

पावसाळ्याच्या प्रारंभी लावलेल्या सागाच्या रोपापासून इमारती लाकूड देणारा वृक्ष तयार होण्यास अनेक दशके लागतात. ज्या वनरक्षकाच्या देखरेखीखाली ते रोप लावले जाते, तो वनरक्षक तोपर्यंत सेवानिवृत्त झालेला असतो. वनांविषयीचे निर्णय असे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत फळास येतात. या दीर्घ काळात पाऊस, उष्णता आणि ऋतुमान साधारणपणे आजच्यासारखेच राहील, असे गृहीत धरून पूर्वी वनांचे नियोजन केले जात असे. हवामानबदलामुळे नेमके हेच गृहीतक डळमळीत झाले आहे. त्यामुळे वनांचे रक्षण करणाऱ्यांना काय शिकवावे आणि कसे शिकवावे, या प्रश्नाला आज विशेष महत्त्व आले आहे.

भारतातील वनशिक्षणाची परंपरा सुमारे दीडशे वर्षांची आहे. १८६४ मध्ये डिट्रिच ब्रँडिस यांची भारताचे पहिले वनमहानिरीक्षक म्हणून नियुक्ती झाली. पुढे १८७८ मध्ये डेहराडून येथे वनशाळा सुरू झाली. त्या काळी देशात रेल्वेमार्गांचे जाळे वेगाने विस्तारत होते. रुळांखाली घालावयाच्या स्लीपरांसाठी साल, साग व देवदार यांच्या लाकडाला मोठी मागणी होती. साहजिकच वृक्षांची गणना, लाकडाचे मोजमाप, वनांचे सर्वेक्षण आणि तोडीचे वेळापत्रक हे विषय अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आले.

स्वातंत्र्योत्तर काळात ही दृष्टी हळूहळू बदलली. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने महसुलापेक्षा पर्यावरणाच्या संतुलनाला आणि स्थानिक लोकांच्या गरजांना अग्रक्रम दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना वनांच्या रक्षणाचा व व्यवस्थापनाचा अधिकार मान्य केला. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेले गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा हे गाव देशातील अशा सुरुवातीच्या गावांपैकी एक होय. त्यामुळे वनाधिकाऱ्याला झाडांबरोबरच माणसांशीही व्यवहार करण्याचे शिक्षण आवश्यक ठरले. हवामानबदलाने ही आवश्यकता अधिकच वाढविली आहे. वणव्याच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते.

मध्य भारतातील पानझडी वनांत फेब्रुवारीपासून जमिनीवर वाळलेल्या पाचोळ्याचा थर साचतो. उन्हाळा तीव्र झाला आणि कोरडे दिवस वाढले, की हा पाचोळा सहज पेट घेतो. जमिनीलगतच्या आगीत मोठी झाडे पुष्कळदा तग धरतात; परंतु बी रुजून नुकतीच वर आलेली रोपे जळून जातात. दरवर्षी असे घडू लागले, तर वन वरून हिरवे दिसते, पण त्याची पुढची पिढी नाहीशी होते.

अशा आगींचा शोध आता उपग्रहांच्या साहाय्याने घेतला जातो. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांकडून मिळणारी आगीची माहिती राज्यांना पुरविते. तिच्या सूचना भ्रमणध्वनीवरील संदेशाद्वारे वनकर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचतात. मात्र या साधनाला मर्यादा आहेत. सुरुवातीच्या उपग्रहचित्रात एक ठिपका सुमारे एक किलोमीटर लांबीरुंदीचा असे. नंतर वापरात आलेल्या यंत्रणेत तो सुमारे ३७५ मीटरचा झाला. उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा त्या प्रदेशावरून जातो. मधल्या काळात लागून विझलेली आग त्याला दिसत नाही. म्हणून संदेशाचा अर्थ लावणे, नकाशावरून जागा निश्चित करणे आणि वारा व उतार पाहून आगीची दिशा ओळखणे, हे सर्व वनरक्षकाला शिकावे लागते.

शिवाय उपग्रहाला आग दिसते. आगीचे कारण दिसत नाही. मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून अनेक ठिकाणी झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो आणि ती आग पुढे पसरते. मोहफुले हा वनालगतच्या कुटुंबांच्या उत्पन्नाचा महत्त्वाचा आधार असल्याने केवळ बंदी घालून हा प्रश्न सुटत नाही. झाडाखाली जाळी किंवा कापड अंथरून फुले गोळा करण्याची पद्धत गावकऱ्यांसह अमलात आणली, तर आग लावण्याची गरजच उरत नाही. हे काम संवादकौशल्यावाचून होणारे नाही.

वनशिक्षणात नव्याने आलेला दुसरा विषय म्हणजे कार्बनचे मापन. झाडे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून त्यातील कार्बन लाकडात साठवितात. २०३० पर्यंत वने व वृक्ष यांद्वारे २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड इतका अतिरिक्त साठा निर्माण करण्याचे उद्दिष्ट भारताने पॅरिस करारांतर्गत जाहीर केले आहे. या मोजमापाची सुरुवात मात्र साध्या मोजपट्टीने होते. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजला जातो आणि त्यावरून लाकडाच्या वजनाचा अंदाज बांधला जातो. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी साधारण निम्मा भाग कार्बनचा असतो. घेर मोजण्याचे जुने कौशल्य येथे नव्या कारणासाठी उपयोगी पडते.

रोपवाटिकेतही विचार बदलावा लागत आहे. जवळच्या उत्तम झाडाचे बी निवडावे, हा जुना नियम होता. पुढील काळात एखादा प्रदेश अधिक उष्ण व कोरडा होण्याची शक्यता असेल, तर तशा हवामानात आजच वाढणाऱ्या त्याच जातीच्या झाडांचे बी प्रयोगादाखल लावून पाहणे उपयुक्त ठरते. एकाच जातीच्या लागवडीऐवजी मिश्र लागवड केल्यास रोग, कीड वा अवर्षण यांमुळे सर्व झाडे एकाच वेळी नष्ट होण्याचा धोका कमी होतो.

प्रशिक्षण कोणापर्यंत पोहोचते, हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे. भारतीय वनसेवेतील अधिकाऱ्यांसाठी डेहराडून येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय वन अकादमी आहे. प्रत्यक्ष आगीसमोर मात्र वनरक्षक, हंगामी अग्निरक्षक आणि रोजंदारीवरील मजूर उभे असतात. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात वणवा विझविण्यासाठी गेलेल्या कर्मचाऱ्यांना प्राण गमवावे लागले. वाऱ्याची दिशा फिरल्यास माघार कोणत्या वाटेने घ्यावी, हे ठाऊक असणे अशा वेळी जीवनमरणाचा प्रश्न ठरते. म्हणून सर्वांत खालच्या स्तरावरील कर्मचाऱ्यालाही योग्य साधने मिळणे आणि दर उन्हाळ्यापूर्वी त्याच्या भाषेत, त्याच्याच वनात प्रत्यक्ष सराव होणे अगत्याचे आहे.

वनशिक्षणाच्या आधुनिकीकरणात संगणक व उपग्रह यांचे स्थान मोठे आहेच. परंतु ती साधने वापरणाऱ्याला पायाखालचे वन ओळखता आले पाहिजे आणि त्या वनावर जगणाऱ्या माणसांचे अनुभव ऐकता आले पाहिजेत. असे शिक्षण मिळाले, तरच आज लावलेले सागाचे रोप बदलत्या हवामानातही पुढील पिढीच्या हाती वृक्ष होऊन पोहोचण्याची आशा बाळगता येईल.