सुनेच्या कमरेवरचे ओझे

सिमेंटची गोणी 50 किलोची असते. ते वजन गोणीवर छापलेले असते. पण घरात अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे वजन कोणी लिहून ठेवीत नाही. त्यांना दिवसातून चार-पाच वेळा उठवून बसवणारी सून कमरेवर हात ठेवून चालू लागली, की "आताच्या मुलींच्या अंगात ताकदच नाही," असे आपण म्हणून मोकळे होतो.

वाचकहो, हा ताकदीचा प्रश्न नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली शिफारस केली, की एका पुरुष कामगाराने वाहायचे ओझे 55 किलोच्या वर नसावे आणि स्त्रियांसाठी ते बरेच कमी असावे. रुग्णाच्या बाबतीत तर अमेरिकेत 2007 साली जेमतेम 16 किलोची मर्यादा सुचवण्यात आली. कारण उघड आहे. गोणी छातीशी धरता येते. आजारी माणसाला वाकून, हात लांब करून उचलावे लागते. ओझे अंगापासून जितके दूर, तितका कण्यावर ताण जास्त. भरलेली बादली हात लांब करून धरून पाहा, म्हणजे पटेल.

म्हणून आम्ही सांगतो, उचलू नका, सरकवा. रुग्णाच्या पाठीपासून मांड्यांपर्यंत जाड चादर दुहेरी घडी करून घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवा. बसवायचे असेल तर आधी कुशीवर वळवा, पाय खाटेखाली सोडा, मग खांद्याला आधार देऊन उठवा. काखेत हात घालून ओढू नका; रुग्णाचा खांदा दुखावतो. अंथरूण जमिनीवर असेल तर वाकण्याऐवजी गुडघे टेकून बसा.

कंबर धरली तर दिवसचे दिवस पडून राहू नये. जमेल तेवढे चालत-फिरत राहावे. कमरेचा पट्टा बांधला म्हणून जड उचलायला मोकळीक मिळत नाही. मात्र पाय बधिर झाला, त्यातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आणि चादरीचे दुसरे टोक कोणी धरायचे? घरातल्या मुलाने, नवऱ्याने. वडील त्यांचेही आहेत. बाहेर हमाली करून आलेल्या माणसाला ओझे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.