पोटातल्या धाग्यांचा माग

मुलांनो, सोयगावच्या एखाद्या शेतात बांधावर बसून तुम्ही भाकरी आणि शेजारच्या सिल्लोडच्या हिरव्या मिरचीचा ठेचा खाताय. दोन भाकऱ्या झाल्या. आई तिसरी वाढायला लागली, की तुम्ही म्हणता, ‘बास गं आई, पोट भरलं!’ आता सांगा बरं, पोट भरलं हे तुम्हाला सांगितलं कोणी?

हा निरोप आणतात मज्जातंतू. मानेतून, छातीतून पोटात उतरणारी त्यांची एक मोठी जुडी आहे, तिचं नाव व्हेगस. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटका. नाव अगदी चपखल! तिच्यातले बहुतेक धागे मेंदूचे हुकूम खाली नेत नाहीत, पोटाच्या बातम्या वर पोचवतात. आपले शास्त्रज्ञ अवतारसिंग पेंटल यांनी १९५४ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की जठर ताणलं गेलं की काही धाग्यांतून विजेचे ठोके भराभर जाऊ लागतात.

पण हे धागे संपतात कुठे? केसाहून कितीतरी बारीक, त्यात बिनरंगाचे. शोधायचे कसे? इथे प्रयोगशाळेतला उंदीर मदतीला आला. (पोती कुरतडणारा नव्हे हं!) या धाग्यांच्या पेशी कवटीच्या तळाशी एका गाठीत असतात. त्या गाठीत रंग टोचायचा. विहिरीचं पाणी पाटानं वाफ्यात जावं, तसा तो धाग्यातून टोकापर्यंत जातो. मग आतडं उलगडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, की टोकं चमकताना दिसतात.

अमेरिकेत हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली एकेका जातीचेच धागे उजळवले. काहींची टोकं जठराच्या स्नायूंत पसरलेली निघाली. ती ताण ओळखतात. काहींची आतड्याच्या अस्तरावरच्या मखमलीसारख्या उंचवट्यांत शिरलेली. त्यांना तिथे अन्न पोचल्याचं कळतं. २०१८ साली ड्यूक विद्यापीठात तर असं दिसलं, की अस्तरातल्या काही पेशी थेट या धाग्यांना जोडलेल्या असतात आणि साखरेची खबर सेकंदाच्या आत वर जाते.

एक गोष्ट मात्र लपवू नये. यात उंदराचा जीव जातो. म्हणून लागतील तेवढेच उंदीर घ्यायचे आणि त्यांना होता होईल तो वेदना होऊ द्यायच्या नाहीत, अशी बंधनं आपल्या देशातही आहेत.

मग एवढा खटाटोप कशाला? काही मुलांचं पोट वारंवार दुखतं, तपासणीत काहीच सापडत नाही. घरचे म्हणतात, ‘शाळा बुडवायचं निमित्त!’ पण आतड्यातून बातमी आणणारे धागेच जास्त हळवे झालेले असू शकतात. दुखण्याची बातमी मुख्यतः पाठीच्या कण्याकडे जाणारे वेगळे धागे नेतात. त्यांचाही माग आता उंदरांत अशाच युक्तीनं काढला जातो आहे.